भिंतीपलीकडचं हिरवं

डेपोत त्यांना सगळे ‘सुसाट’ म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. बस वेळेवर पोचवणं हे त्यांच्या लेखी माणसाचं पहिलं कर्तव्य. जेवणखाण, नातीगोती त्यानंतर. उभी नोकरी त्यांनी समोरच्या रस्त्यावर नजर रोखून काढली. डाव्या बाजूला काय आहे आणि उजव्या बाजूला कोण उभं आहे, हे बघायला आरसे होते आणि तेही थांबा आला तरच.

निवृत्त झाले आणि पहिल्या महिन्यातच त्यांनी घरच्यांच्या नाकी नऊ आणले. चहा उकळायला किती वेळ लागतो यावर ते लक्ष ठेवायला लागले. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे रांगेत लावले. बायकोला त्या दिवशी साखर सापडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मीठ. ती एरवी फारसं बोलायची नाही. त्यांनी सांगायचं आणि तिनं हुंकार द्यायचा, असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता.

मुलगा बोटीवर कामाला, त्यामुळे बरेच महिने समुद्रात. घरात ही दोघं आणि सून. सून एका कार्यालयात नोकरीला होती आणि तिथे काम चालायचं शहरातली हिरवाई मोजण्याचं. हे काम म्हणजे नेमकं काय, हे सुसाटांना मुलाचं लग्न ठरल्यापासून कळलेलं नव्हतं. झाडं मोजायला माणसं कशाला लागतात, बोटं आहेत की, असं ते म्हणायचे. एकदा कार्यालयाच्या गाडीवरचा ड्रायव्हर काम सोडून गेला, तेव्हा सुनेनं त्यांना समोर बसवून नीट समजावून सांगितलं.

मोजायचे दोन प्रकार होते. एक आकाशातून. उपग्रह वरून फोटो काढतो आणि त्याला आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही दिसतो. जिवंत पान तो प्रकाश भरपूर परत फेकतं, हिरवा रंग दिलेला पत्रा फेकत नाही. त्यामुळे पत्र्यानं उपग्रह फसत नाही. पण वरून दिसतात ती छपरं आणि झाडांचे शेंडे. रस्त्यानं चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यातलं किती येतं, ते वरून कळत नाही. म्हणून दुसरा प्रकार. गाडीच्या टपावर खांब, खांबावर कॅमेरा. गाडी पुढे सरकेल तसतसे तो चहूबाजूंचे फोटो काढतो, आणि मग प्रत्येक फोटोत पानांनी किती जागा व्यापली आहे ते संगणक काढतो. संगणकाचीही गफलत होते. एखाद्या दुकानाचं हिरवं शटर किंवा बांधकामावरची हिरवी जाळी तो झाड म्हणून धरतो. ते तपासून दुरुस्त करणं हे सुनेचं काम.

“आणि ड्रायव्हरचं काम काय?” त्यांनी विचारलं.

“हळू चालवायचं, बाबा. एकसारखं हळू. आधीचा त्यालाच कंटाळून गेला.”

सुसाटांनी हात झटकले. डोक्यावर खांब घेऊन मुंगीच्या पावलानं गावभर फिरायचं, आणि तेही आपण? डेपोतली माणसं काय म्हणतील? त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती डबे परत आपल्या जागी लावत होती.

“जा की,” ती म्हणाली. “तेवढीच माझी साखर जागेवर राहील.”

ते गेले.

पहिले काही दिवस त्यांचा जीव मेटाकुटीला आला. उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, आणि मग कार्यालयातून फोन यायचा की काका, फोटो हलले, तो रस्ता पुन्हा करा. मागून हॉर्नचा गोंगाट. ज्या पोरांना त्यांनी बस चालवायला शिकवलं होतं, तीच बाजूनं पुढे निघून जायची आणि स्टिअरिंगवर कोण आहे ते कळलं की मान वळवून हसायची. त्यात एका दुपारी रस्त्यावर झुकलेल्या वेलाखालून जाताना त्याचा तुकडा खांबाला अडकला आणि कॅमेऱ्यासमोर लोंबत राहिला. गोदामांच्या ज्या भागात गवताची काडी उगवत नाही, तो त्या दिवशी संगणकावर जंगल म्हणून नोंदला गेला. कार्यालयाच्या प्रमुख मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध होत्या, पण त्यांनाही हसू आवरेना. सुसाटांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर ते दर वळणावर गाडी बाजूला घेऊन, उतरून, मान वर करून कॅमेरा बघायचे आणि खिशातल्या फडक्यानं काच पुसायचे.

हळू चालवायची सवय झाली तशी त्यांची नजर रस्त्यावरून सुटून बाजूला जायला लागली. ज्या रस्त्यांवरून त्यांनी हजारो फेऱ्या मारल्या होत्या, त्यांवर घरं होती. घरांना गॅलऱ्या होत्या, गॅलऱ्यांत माणसं होती. एका गल्लीत प्रत्येक दारासमोर डब्यात लावलेली रोपं होती आणि शेजारच्याच गल्लीत एकही नव्हतं. संध्याकाळी घरी आले की हे सगळं ते बायकोला सांगायचे. दवाखान्यामागच्या रस्त्यावर इतकी दाट झाडं आहेत की गाडीत दिवा लावावा लागतो, आणि इतक्या वर्षांत आपल्याला पत्ता नाही, याचं त्यांना फार नवल वाटायचं. ती भाजी निवडत ऐकायची.

एक दिवस सुनेनं त्यांना उपग्रहाच्या फोटोवरून केलेला नकाशा दाखवला. जिथे झाडी जास्त तिथे गडद हिरवा रंग, जिथे काही नाही तिथे फिका पिवळा. त्यांचा स्वतःचा भाग जवळजवळ काळपट दिसावा इतका हिरवा होता. सुसाट खूश झाले. दोन-तीन शेजाऱ्यांना त्यांनी मुद्दाम थांबवून सांगितलं की, सगळ्या शहरात आपला भाग वरच्या नंबरात आहे. घरी येऊन बायकोलाही सांगितलं.

“असेल,” ती म्हणाली.

“असेल काय? आकाशातून काढलाय फोटो.”

“मग आकाशातून असेल.”

त्यांना वाटलं ती चेष्टा करतेय. त्यांनी तो विषय सोडून दिला.

त्या भागाच्या हिरवाईचं कारण होता तिथला क्लब. मोठं मैदान, हिरवळ, जुनी डेरेदार झाडं आणि त्या सगळ्याभोवती उंच, सलग, दगडी भिंत. घरापासून बाजारात जायचं तर या भिंतीला लागून जाणारा एकच सरळ रस्ता. पलीकडच्या बाजूला गोदामांची बंद दारं, अलीकडे भिंतीच्या पायाशी अरुंद पदपथ. झाडं भिंतीपासून आत, बरीच लांब. त्यांची सावली हिरवळीवरच पडायची. दुपारी भिंत तापली की पदपथावरून चालणाऱ्याला वरून ऊन आणि बाजूनं भिंत, असं दोन्हीकडून भाजायचं. बसमधून हा रस्ता सुसाटांना कधी लांब वाटला नव्हता. बाजार काय, हाकेच्या अंतरावर, असंच ते म्हणत आले होते. पूर्वी भिंतीच्या मध्यावर एक थांबा होता. चढणारं फारसं कोणी नसे, म्हणून तो बंद झाला, तेव्हा सगळ्या ड्रायव्हरांना बरं वाटलं होतं. त्यांनाही.

या रस्त्याचे फोटो तपासायला सुनेकडे आले. कामाचा भाग म्हणून तिनं ते उघडले. माणसांचे चेहरे आधीच पुसट केलेले असायचे, तसा नियमच होता. एका फोटोत विजेच्या पेटीखालच्या सिमेंटच्या ओट्यावर एक बाई बसली होती. सुनेनं दोन कोपऱ्यांतलं गवत तपासलं, शेजारचं हिरवं पोस्टर वगळलं, आणि पुढच्या फोटोवर जाणार तेवढ्यात तिचं लक्ष बाईच्या मांडीवरच्या पिशवीकडे गेलं. सुसाटांच्या जुन्या गणवेशाच्या पँटची शिवलेली पिशवी. मागचा खिसा बटणासकट तसाच ठेवलेला. सुट्टे पैसे ठेवायला बरा म्हणून सासूनं तो उसवला नव्हता.

सुनेनं पुढचे फोटो पाहिले. गाडी त्या रस्त्यानं वेगवेगळ्या दिवशी गेली होती. एका फोटोत सासू उभ्या असलेल्या ट्रकच्या सावलीत टेकून होती. दुसऱ्यात एका बंद गोदामाच्या पायरीवर. ज्या फोटोत गाडी अगदी जवळून गेली होती, त्यात तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. गाडी ओळखून.

मग सुनेनं त्या फोटोंमधलं काम पुरं केलं, कारण ते पुरं करायचंच होतं.

त्या संध्याकाळी दोघी मटार सोलत बसल्या होत्या. सुनेनं आडवळण न घेता विचारलं, “आई, गुडघे फार दुखतात का?”

सासूनं तिच्याकडे पाहिलं आणि ती समजून गेली. कुठे दिसले, एवढंच तिनं विचारलं. मग सांगितलं ते असं, की गुडघे दुखतात आणि दमही लागतो, वर्ष होऊन गेलं. दुपारी रस्त्यावर कोणी नसतं, म्हणून ती मुद्दाम दुपारी जाते. बसत बसत गेलं तरी बघणारं कोणी नसतं. डॉक्टरकडे जाऊ, असं सून म्हणाली. सासूनं होकार दिला, पण एक अट घातली. यांना सांगायचं नाही.

“का पण?”

“सांगितलं की बाजार बंद करतील माझा. स्वतः जाऊन घेऊन येतील, तेही माझ्या आधी पोचून. मग माझं बाहेर पडणं संपलं.”

सुनेला ते पटलं आणि पटलंही नाही. तिनं शब्द दिला. दवाखान्यात मात्र ती दुसऱ्याच आठवड्यात घेऊन गेली. घरी सांगितलं की डोळे तपासायला गेलो होतो.

पुढे जे झालं ते कॅमेऱ्यामुळेच झालं. त्या रस्त्याचे बरेच फोटो समोरून ऊन आल्यामुळे वाया गेले होते आणि मॅडमनी तो पुन्हा करायला सांगितला. काम सकाळचं ठरलं होतं. सुनेनं सासूला तसं सांगूनही ठेवलं. पण सकाळी कॅमेरा सुरूच होईना. तार बदलण्यात अर्धा दिवस गेला आणि सुसाट भिंतीच्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

त्यांना लांबून एक म्हातारी दिसली. ओट्यावर पाय पुढे सोडून बसलेली, डोकं मागे भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. बिचारी कोण कुठली, असं त्यांच्या मनात आलं. इतक्या उन्हात हिला एकटीला कोणी पाठवली, असंही आलं. गाडी तिच्याजवळ आली तेव्हा त्यांना मांडीवरची पिशवी दिसली, आणि त्या पिशवीवरचा त्यांचाच खिसा.

थांबा नसलेल्या जागी सुसाटांनी आयुष्यात गाडी थांबवली नव्हती. त्यांनी ती थांबवली. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला. ते उतरले आणि तिच्या शेजारी, तापलेल्या सिमेंटवर जाऊन बसले.

तिनं डोळे उघडले. “गाडी बंद पडली का?”

“नाही. थांबवली.”

“काम चालू आहे ना तुमचं?”

“गाडी उभी असली की कॅमेरा फोटो काढत नाही,” ते म्हणाले. मग म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर उद्यापासून तुम्ही गेला असतात बाजारात.”

त्यांचं तोंड उघडलं होतं ते नेमकं हेच म्हणायला. त्यांनी ते मिटलं.

ती म्हणाली, “तुम्हाला हा रस्ता दोन मिनिटांचा. मला तो रोज थोडा थोडा लांब होतोय. पण जायचंय मला. तिथे चार जणी भेटतात, कोथिंबिरीवरून भांडता येतं. घरात कोणाशी भांडू? तुम्ही ऐकूनच घेत नाही.”

“मी ऐकून घेत नाही?”

“बघा.”

समोरून दोन बस गेल्या. त्यातल्या एकीच्या ड्रायव्हरनं त्यांना ओळखून हॉर्न दिला, पण त्यांनी हात वर केला नाही. मग ती उठली, आणि तेही उठले. गाडी तिथेच कडेला ठेवून ते तिच्याबरोबर बाजाराच्या टोकापर्यंत चालत गेले. ती कुठे कुठे थांबते ते तिनं दाखवलं. ट्रक उभा असेल तर इथे, नसेल तर त्या पायरीवर. पायरीवाल्या गोदामाचं दार उघडं असलं की माणसं ये-जा करतात, तेव्हा तिथे बसता येत नाही, मग सरळ पुढे जावं लागतं. त्या दिवशी ट्रक नव्हता आणि दार उघडं होतं. तिनं त्यांच्या दंडाला धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण रस्त्यात ती त्यांच्या मागेच चालत आली होती, कारण त्यांचा वेग तिला कधी जमला नव्हता. बरोबरीनं चालायला पावलं किती आखडती घ्यावी लागतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मान वर केली की भिंतीवरून आतल्या झाडांचे शेंडे दिसत होते. छान हलत होते.

कार्यालयात पोचायला त्यांना फार उशीर झाला. फोटोही अर्धवट होते. मॅडमनी कारण विचारलं तेव्हा वाटेत बायको भेटली असं त्यांनी सांगितलं आणि पुढे एवढंच जोडलं की, मॅडम, तो रस्ता पायी फार लांब आहे. मॅडमनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं त्या रस्त्याचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले होते. आकाशातून शहरातल्या उत्तम भागांपैकी एक, आणि जमिनीवरून गोदामांच्या वस्तीच्या बरोबरीचा.

मॅडमना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. नुसत्या उपग्रहाच्या नकाशावर झाडं कुठे लावायची ते ठरवू नका, असं त्या पालिकेला कधीपासून सांगत होत्या. गाडीवरच्या कॅमेऱ्याचा खर्च त्यांनीच भांडून मंजूर करून घेतला होता. हाच रस्ता उदाहरण म्हणून सभेत मांडू का, असं त्यांनी विचारलं. माणसांचे फोटो दाखवणार नव्हत्या, फक्त भिंतीचे. तरी सुनेनं घरी जाऊन सासूची परवानगी घेतली.

“रस्त्याचं सांगा,” सासू म्हणाली. “माझं नको.”

सभेत रस्त्याचं सांगितलं गेलं. निकाल लागला तो अर्धामुर्धाच. भिंत आत घ्यायला क्लब तयार झाला नाही. पदपथाखालून पाण्याचे नळ गेलेले, म्हणून तिथे सगळीकडे खड्डे घेता येईनात. जिथे जागा होती तिथे रोपं लागली, त्यातली काही पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेली. उरलेल्यांची सावली पडायला अजून बराच काळ जायचा आहे. बंद झालेला थांबा पुन्हा सुरू करावा म्हणून सुसाट डेपोत खेटे घालत राहिले. थांबा मिळाला नाही. थांब्याचा जुना बाक मात्र डेपोच्या गोदामात पडून होता, तो मिळाला. वर पत्रा टाकून तो त्यांनी भिंतीच्या मध्यावर बसवून घेतला.

काही दिवस ते बायकोबरोबर बाजारात गेले. चार दिवसांत तिनंच त्यांना घरी बसवलं. तिथे ते भाव करताना मध्ये बोलायचे आणि सारखं घड्याळ बघायचे. आता ती एकटीच जाते, हातात काठी घेऊन, आणि दुपारी नव्हे, सकाळी. आल्यावर आज कसं झालं ते विचारायची त्यांनी सवय लावून घेतली आहे. ती खरं काय ते सांगते. पाय दुखले तर दुखले म्हणते. तिच्या बोलण्यात मध्येच सूचना करायची त्यांना हुक्की येते, तेव्हा ते उठून पाणी पिऊन येतात.

रोपांना पाणी कोणी घालायचं हा प्रश्न राहिला होता. पालिकेचा टँकर आला तर यायचा. एका सकाळी बाकावर बसल्या बसल्या सासूनं भिंतीपलीकडे नळीचा आवाज ऐकला. रोज त्याच वेळी क्लबचा माळी हिरवळीवर पाणी मारायचा. तिनं काठीनं भिंतीवर ठोकलं आणि मोठ्यानं विचारलं, “अहो दादा, जरा इकडेही नळी टाकता का?”

पलीकडे नळीचा आवाज थांबला. आतल्या माणसाला बाहेरून कोणी हाक मारल्याचं बहुधा आठवत नसावं. मग शिडी लावल्याचा आवाज झाला, आणि भिंतीवर टोपी घातलेला एक माणूस दिसायला लागला. त्यानं खाली वाकून रोपं पाहिली, म्हातारीला पाहिलं, आणि साहेब यायच्या आधी उरकायला हवं, एवढं म्हणून नळी खाली सोडली. तिनं पिशवी बाकावर ठेवली, काठी भिंतीला टेकवली आणि एका हातानं बाकाला धरून दुसऱ्या हातानं रोपांना पाणी घातलं. बाकापासून नळी पोचेल तितक्यांना. पुढच्यांना सुसाटांनी संध्याकाळी बादलीनं घातलं.